तराजूचे वजन

एका चंद्राच्या जागी दोन दिसणे हे भारतीय दर्शनग्रंथांतले भ्रमाचे ठरलेले उदाहरण आहे. वसुबंधूच्या ‘विंशतिके’त तिमिर झालेल्या माणसाला दिसणारे नसलेले केस आणि नसलेले चंद्र येतात. धर्मकीर्ती प्रत्यक्षाला ‘अभ्रान्त’ हे विशेषण लावतो आणि भ्रमाची कारणे सांगताना तिमिराचे नाव आधी घेतो. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप, समजावून देतात, तिथे शिंपल्यावर भासणाऱ्या रुप्याशेजारी एका चंद्राचे दोन होणे येते. आयुर्वेदात तिमिर हा शब्द दृष्टीच्या अनेक बिघाडांसाठी वापरला गेला आहे, त्यामुळे त्याला आजच्या एखाद्या रोगाचे नाव चिकटवणे बरोबर नाही. मात्र या उदाहरणातून जो प्रश्न उभा राहतो, तो केरॅटोकोनस या विकारात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच कुठे दिसत असेल. ज्या साधनाने जग कळते तेच वाकडे झाले, तर ते वाकडे झाल्याचे कशाने कळावे? आणि ज्याने कळते, ते तरी सरळ आहे हे कोणी ठरवावे?

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणतात. दवाखान्यात त्याला कॉर्निया असेच म्हटले जाते. त्याची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 540 मायक्रॉनच्या आसपास असते. प्रकाश वळवण्याची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात, आणि डोळ्याच्या एकूण सुमारे 60 डायॉप्टर शक्तीपैकी 43 डायॉप्टर एवढा मोठा वाटा या पडद्याचा असतो. केरॅटोकोनसमध्ये तो मध्याजवळ, बहुधा मध्याच्या किंचित खाली, पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा वयात येताना होते आणि तिशी-चाळिशीपर्यंत तो वाढत राहू शकतो. डोळे चोळण्याच्या सवयीशी त्याचा संबंध आढळतो. दोन्ही डोळ्यांना होतो, पण सारखा होत नाही. तिरळेपणामुळे दिसणारे दोन चंद्र एक डोळा मिटला की एक होतात. इथे एक डोळा मिटूनही चंद्राची दोन-तीन बिंबे राहतात, रस्त्यावरचा दिवा एका बाजूला ओघळल्यासारखा दिसतो आणि अक्षरांना सावल्या फुटतात.

तरीही आपल्या डोळ्यात काही बिघडले आहे हे माणसाला पुष्कळ दिवस कळत नाही. बदल सावकाश होतो, आणि बऱ्या डोळ्याच्या आधाराने वाईट डोळा झाकला जातो. सिलिंडरचा नंबर दरवर्षी बदलतो, चष्मा नवा होतो, शाळेतला मुलगा फळ्याजवळच्या बाकावर जाऊन बसतो. ‘दृग्दृश्यविवेक’ या वेदान्तातल्या छोट्या प्रकरणात पायऱ्या लावल्या आहेत: रूप दिसते आणि डोळा पाहतो, मग डोळा दिसतो आणि मन पाहते, डोळ्याचे आंधळेपण, मंदपणा, तीक्ष्णपणा हे मनाला कळणारे धर्म आहेत. केरॅटोकोनसचा अनुभव या दुसऱ्या पायरीपाशी थांबायला लावतो. डोळ्याचा मंदपणा मनाला कळण्यासाठी मनाजवळ तुलनेला काहीतरी हवे: कालची दृष्टी, दुसरा डोळा, शेजारच्या मुलाला वाचता येणारी ओळ. सुरुवातीच्या काळात तर पारपटलाचा आकार बदललेला असूनही वाचनतक्त्यावर दृष्टी पूर्ण भरते. रोग असतो आणि जाणीव नसते. मनाच्या साक्षीने हे अंतर भरून निघत नाही, म्हणून मोजणी हवी.

पारपटलाच्या मोजणीचा आरंभ फार साधा आहे. 1619 साली ख्रिस्तोफ शायनर या जेझुइट पंडिताने माणसाला खिडकीसमोर बसवले, त्याच्या डोळ्यात पडलेले खिडकीचे प्रतिबिंब पाहिले आणि शेजारी निरनिराळ्या आकारांच्या काचेच्या गोट्या धरल्या. ज्या गोटीतली खिडकी डोळ्यातल्या खिडकीएवढी, तिची वक्रता ती डोळ्याची वक्रता. पुढच्या जवळजवळ सगळ्या यंत्रांच्या मुळाशी हीच युक्ती आहे: पारपटल हा बाहेरून फुगीर आरसा, आणि त्यातल्या प्रतिबिंबाच्या आकारावरून त्याचा गोलावा काढायचा. अडचण अशी की जिवंत डोळा क्षणभरही स्थिर राहत नाही, आणि हलणाऱ्या प्रतिबिंबाची लांबी मोजता येत नाही. यावर तोडगा असा निघाला की प्रतिबिंबाचीच दोन करायची आणि ती एकमेकांना टेकेपर्यंत सरकवायची. डोळा हलला तर दोन्ही बरोबर हलतात, त्यांच्यामधले अंतर बदलत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेल्महोल्ट्झने या तत्त्वाला शास्त्रीय अचूकता दिली आणि 1881 मध्ये जावाल व श्योट्झ यांनी ते दवाखान्यात वापरण्याजोगे केले. एकाचे दोन दिसणे हे तत्त्वज्ञांच्या लेखी दोषाचे लक्षण. इथे तेच मापनाचे साधन झाले. फरक एवढाच की हे दोन का आणि किती अंतरावर दिसतात हे मोजणाऱ्याला आधीपासून माहीत असते.

1880 मध्ये पोर्तुगालच्या अंतोनियो प्लासिदोने काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची चकती वापरली. निरोगी पारपटलावर ती वर्तुळे गोल उमटतात. शंकू झालेल्या पारपटलावर ती एका बाजूला दाटतात आणि थेंबासारखी ताणली जातात. 1980च्या दशकात संगणकाने या वर्तुळांचे रंगीत नकाशे केले, आणि पुढे शाइम्प्फ्लुग तत्त्वावरच्या कॅमेऱ्यांनी पारपटलाचे छेद घेऊन मागचा पृष्ठभाग आणि प्रत्येक बिंदूपाशी असलेली जाडीही दाखवायला सुरुवात केली. भारतात ‘टोपोग्राफी काढून आणा’ असे डॉक्टर सांगतात तेव्हा बहुधा हाच नकाशा अभिप्रेत असतो.

आता प्रश्न यंत्रावर उलटतो. डोळ्याची परीक्षा यंत्राने केली, यंत्राची कोणी केली? बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, हीच अडचण घातली होती. प्रमाणाने, म्हणजे ज्ञानाच्या साधनाने, प्रमेय म्हणजे जाणायची वस्तू सिद्ध होत असेल तर प्रमाण कशाने सिद्ध होते? दुसऱ्या प्रमाणाने म्हटले तर साखळी संपत नाही, आणि आपोआप म्हटले तर सगळेच आपोआप का सिद्ध होऊ नये? न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात याला जे उत्तर मिळते त्यात तराजूचा दाखला आहे. तराजूने सोने तोलतात तेव्हा तराजू प्रमाण असतो. त्याच तराजूची शंका आली की वजन ठाऊक असलेले सोने त्यात घालून तराजूच तपासतात, आणि तेव्हा तो प्रमेय होतो. प्रमाण असणे ही वस्तूच्या अंगात कायमची भिनलेली जात नाही, ते त्या वेळचे काम आहे. पारपटल मोजणाऱ्या यंत्रांची तपासणी ज्ञात त्रिज्येचे गोळे त्यांच्यासमोर ठेवून केली जाते, म्हणजे शायनरची गोटी आजही कामावर आहे. या उत्तराने नागार्जुनाचे तोंड कायमचे बंद होत नाही, कारण गोळ्याची त्रिज्याही कशाने तरी मोजलेलीच असते. पण ज्यावर शंका आहे ते, त्या घटकेला ज्यावर शंका नाही त्याच्यासमोर धरावे, ही शिस्त त्यातून मिळते, आणि शास्त्राचा व्यवहार तेवढ्यावर उभा राहतो.

या शिस्तीने पाहू लागले की यंत्राच्या प्रत्येक आकड्यामागे एक गृहीत सापडते. केरॅटोमीटर मोजतो ती त्रिज्या. दाखवतो ते डायॉप्टर. मधला पूल 1.3375 हा ठरवून घेतलेला अपवर्तनांक. 7.5 मिलिमीटर त्रिज्या असेल तर 337.5 ला 7.5 ने भागून 45 डायॉप्टर येतात. पारपटलाच्या ऊतीचा खरा अपवर्तनांक 1.376च्या जवळ आहे. कमी आकडा घेतला जातो, कारण पारपटलाचा मागचा पृष्ठभाग थोडी शक्ती वजा करतो आणि त्याचा आकार पुढच्याशी ठरावीक प्रमाणात आहे असे मानलेले असते. केरॅटोकोनसमध्ये नेमके तेच प्रमाण बिघडते. शिवाय हे यंत्र मध्याभोवतीच्या सुमारे तीन मिलिमीटरच्या वर्तुळावरचे मोजके बिंदू पाहते आणि उरलेले पारपटल सुरळीत आहे असे धरून चालते. शंकूचे टोक त्या वर्तुळाबाहेर असले तर ते त्याच्या गावीही नसते. जाडी मोजणारे अल्ट्रासाउंडचे यंत्र पारपटलात ध्वनीचा वेग सेकंदाला 1640 मीटर आहे असे मानते. दाब मोजण्याची गोल्डमनची पद्धत 520 मायक्रॉन जाडी डोळ्यासमोर ठेवून बेतलेली आहे, म्हणून पातळ पारपटलावर ती दाब कमी दाखवते. ही सगळी यंत्रे निरोगी डोळ्यावर घडली, आणि निरोगीपणा सुटला की त्यांची गृहीतेही सुटतात. न्यायाच्या भाषेत सांगायचे तर आकडा प्रत्यक्षासारखा दिसतो, पण आतून ते अनुमान असते, आणि त्याची व्याप्ती, म्हणजे ज्या नियमावर ते उभे असते तो नियम, निरोगी डोळ्यांवर बांधलेली असते.

रोगाची सीमासुद्धा आकड्यानेच आखावी लागते. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात 30 वर्षांवरील लोकांच्या डोळ्यांची मोठी पाहणी झाली. तिचे केरॅटोकोनसविषयीचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. पारपटलाची शक्ती 48 डायॉप्टर ही सीमा धरली तर 2.3 टक्के लोकांना हा विकार ठरला. सीमा 49 केली तर 0.6 टक्के, आणि 50 केली तर 0.1 टक्का. माणसे तीच, डोळे तेच, मोजणीही तीच. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एका जिल्ह्यातून 1986 मध्ये दर लाखामागे 54.5 हा आकडा आला होता. नेदरलँड्समधून 2017 मध्ये 265. या फरकात वंश, हवामान, सवयी यांचा वाटा असू शकतो, पण व्याख्येचा आणि यंत्राचा वाटा वेगळा काढल्याशिवाय त्याबद्दल काही म्हणता येत नाही. म्हणून रोग कल्पित ठरत नाही. पातळ होणारे पारपटल खरे आहे. 48 आणि 49 यांच्यामधली रेघ मात्र निसर्गाने ओढलेली नाही, आणि त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे पडणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला रोग आहे’ हे वाक्य कोणत्या अर्थाने सांगितले जाते, हा विचार सांगणाऱ्याने करायलाच हवा.

खरी कसोटी लागते ती बदल ओळखताना. उपचार करायचा की नाही हे रोग वाढतो आहे का यावर ठरते. आज पारपटलाच्या कमाल वक्रतेचा आकडा 52.0 डायॉप्टर आला, सहा महिन्यांनी 52.9 आला. वाढला का? त्याच दिवशी त्याच डोळ्याचे तीन नकाशे काढले तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. निरोगी डोळ्यात हा फरक डायॉप्टरच्या लहानशा अंशात राहतो. शंकू जितका तीव्र तितका तो वाढतो आणि बरेचदा एक डायॉप्टरही ओलांडतो. रोग जास्त तिथे मोजणी कच्ची, असा हा पेच आहे.

ज्ञानाचे प्रामाण्य कुठून येते याबद्दल मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद आहे. मीमांसक कुमारिलाच्या मते ज्ञान उपजताच प्रमाण असते. नंतर त्याच्याविरुद्ध ज्ञान झाले किंवा साधनातला दोष कळला, तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून येते. त्या ज्ञानावर भिस्त ठेवून केलेली कृती फळाला आली, दुसऱ्या ज्ञानाशी ते जुळले, की मग ते प्रमाण. रोजच्या जगण्यात कुमारिल बरोबर वाटतो. प्रत्येक पायरी तपासून कोणी जिना उतरत नाही. पण जिथे साधनाचा दोष आधीच माहीत आहे तिथे कुमारिलाच्याच अटीने विश्वासाचा पहिला हक्क संपतो, आणि नैयायिकाच्या दारात जावे लागते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेत्रतज्ज्ञांच्या जागतिक सहमतीत हाच मार्ग धरलेला दिसतो. पुढच्या पृष्ठभागाचा उतार वाढणे, मागच्या पृष्ठभागाचा वाढणे, जाडी घटणे, यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र दिसाव्यात, आणि बदल यंत्राच्या स्वतःच्या चढउतारापेक्षा मोठा असावा, तरच रोग वाढला असे म्हणावे. एकाच साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही, आणि साक्षीदार किती डळमळीत आहे हे आधी नोंदवून ठेवायचे.

वाढ थांबवण्याचा उपचार म्हणजे क्रॉस-लिंकिंग. आपल्याकडे त्याला ‘सी-थ्री-आर’ही म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात तो घडला आणि वोलेनझाक, स्पोर्ल व झाइलर यांनी 2003 मध्ये रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष मांडले. पारपटलावरची पेशींची पातळ साल काढतात, रायबोफ्लेविन म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब अर्धा तास टाकतात, आणि मग अर्धा तास अतिनील किरणांचा मंद झोत सोडतात. त्यातून कोलॅजनच्या तंतूंमध्ये नवे दुवे जुळतात आणि पडदा ताठ होतो. किरण सगळ्यात आतल्या पेशींच्या थरापर्यंत पोचू नयेत म्हणून साल काढल्यावरही 400 मायक्रॉन जाडी शिल्लक हवी, अशी मूळ पद्धतीची अट. म्हणजे पहिला किरण पडण्याआधी पुन्हा मोजणी आलीच.

या उपचाराने जे बदलते ते ताठपण, आणि नंतर जे मोजले जाते तो आकार. प्रयोगशाळेत दान मिळालेल्या मानवी पारपटलांच्या पट्ट्या कापून ओढून पाहिल्या, तेव्हा ताठपण सुमारे साडेचार पट झालेले आढळले. जिवंत डोळ्याची पट्टी कापता येत नाही. तिथे आकार स्थिर राहणे हे लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, आणि त्यावरून ताठपणाचे अनुमान. धूर दिसला म्हणून अग्नी आहे म्हणावे, तसे. मात्र धूर दुसऱ्या कशाचा नाही हे पाहावे लागते. ज्यांचा आकडा मागच्या खेपेला उडी मारून वर गेला तेच लोक उपचाराला निवडले जातात. त्या उडीचा काही भाग मोजणीच्या चढउताराचा असेल, तर पुढच्या खेपेला आकडा उपचाराविनाही थोडा खाली येईल. नैयायिक अशा ठिकाणी ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात: फळ दुसऱ्याच कारणाने आले आणि श्रेय भलत्याला गेले. यावर उपाय एकच, उपचार न केलेल्यांशी तुलना. अमेरिकेतल्या ज्या चाचण्यांच्या आधारे 2016 मध्ये तिथे मान्यता मिळाली, त्यांत वर्षाअखेर उपचार झालेल्या गटाची कमाल वक्रता सरासरी 1.6 डायॉप्टरने उतरली आणि न झालेल्यांची 1.0 डायॉप्टरने चढली. दोन्ही गट एकाच यंत्राच्या चढउतारातून गेले होते, म्हणून त्यांच्यातले अंतर बोलके आहे.

उपचारानंतरची मोजणी आधीच्या मोजणीची सरळ पुढची पायरी नसते, आणि हे ध्यानात न आल्याने पुष्कळ चुकीची भीती आणि चुकीचा दिलासा निर्माण होतो. साल काही दिवसांत भरून येते, पण तिची जाडी पुन्हा स्थिरावायला महिने लागतात. शंकूच्या टोकावर ही साल मुळात पातळ आणि कडेला जाड असते, म्हणजे खालचा शंकू ती थोडा झाकत असते. ती काढल्यावर पहिल्या महिन्यात नकाशा बिघडलेला दिसू शकतो. आतल्या थरात धुरकटपणा येतो, पहिल्या काही महिन्यांत तो सर्वांत दाट असतो आणि वर्षभरात बहुधा ओसरतो. प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रांचा प्रकाश या धुरकटपणात विखुरतो आणि ती जाडी अल्ट्रासाउंडपेक्षा कमी दाखवतात. तिसऱ्या महिन्यात पारपटल पातळ झाल्याचा अहवाल हातात पडतो तेव्हा थोडे खरोखर आक्रसलेले असते आणि थोडे यंत्राला नीट दिसलेले नसते. उपचाराने वस्तू बदलली, आणि वस्तू व यंत्र यांच्यातले नातेही बदलले. वजन बदलले आणि तराजूची दांडीही किंचित वाकली, अशी ही स्थिती. म्हणून एकाच यंत्रावर, सारख्या परिस्थितीत, वर्षभर पाहत जाणे हाच मार्ग उरतो.

मग यश कशाला म्हणायचे? क्रॉस-लिंकिंगचे मुख्य यश म्हणजे रोग न वाढणे. ते एक अभावाचे ज्ञान आहे, आणि अभाव कसा कळतो यावर मीमांसेने फार खोल विचार केला आहे. भाट्ट, म्हणजे कुमारिलाच्या परंपरेतल्या, मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे वेगळे प्रमाण मानले, पण त्याला अट घातली ‘योग्य’पणाची. जमिनीवर घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा घडा असता तर नक्की दिसला असता. अंधारात न दिसलेला घडा काहीच सिद्ध करत नाही. ज्या यंत्राचा स्वतःचा चढउतार दीड डायॉप्टर आहे, त्याला अर्ध्या डायॉप्टरची वाढ दिसली नाही म्हणून वाढ झाली नाही, हे अंधारातल्या घड्यासारखे आहे. ‘बदल नाही’ हे वाक्य ‘एवढ्याहून मोठा बदल नाही’ एवढेच सांगते. रुग्णाला ते तसेच सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. तीव्र शंकूत ही ‘एवढ्याहून’ची मर्यादा रुंद असते आणि सौम्य शंकूत अरुंद, म्हणून एकच दिलासा दोघांना सारख्या शब्दांत देता येत नाही.

इतकी खात्री करत बसण्याची किंमत असते. पारपटल गेलेला आकार सहजी परत घेत नाही. ब्रिटनमध्ये 10 ते 16 वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत 18 महिन्यांत उपचार झालेल्यांपैकी 7 टक्के, तर न झालेल्यांपैकी 43 टक्के मुलांचा रोग वाढला. लहान वयात वाढ सिद्ध होण्याची वाट पाहणे म्हणजे वाढ होऊ देणे. त्याच आकड्यांची दुसरी बाजू अशी की उपचाराविना निम्म्याहून अधिक मुले त्या काळात स्थिर राहिली. संशय फिटेपर्यंत कृती थांबवावी असे नैयायिकही म्हणत नाहीत. त्यांच्या मते संशयातूनही प्रवृत्ती होते, आणि फळ पाहून ज्ञान तपासले जाते. चौदा वर्षांच्या मुलाच्या आणि पस्तिशीतल्या माणसाच्या नकाशावर तोच एक डायॉप्टर वेगळ्या निर्णयाला पुरेसा होतो, आणि ते योग्यच आहे. आकडा एक असला तरी चुकण्याची किंमत दोघांना सारखी नसते.

शेवटी पुन्हा चंद्र. दोरीवरचा साप ‘ही दोरी आहे’ हे कळताच जातो. दोन चंद्र जात नाहीत. चंद्र एकच आहे हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक असते, आणि तरी दोन दिसतच राहतात. वेदान्तात अशा भ्रमाला सोपाधिक म्हणतात, म्हणजे उपाधीमुळे, भास घडवणाऱ्या टिकून असलेल्या कारणामुळे, होणारा. ज्ञानाने त्याच्याबद्दलची समजूत सुधारते, भास मात्र उपाधी असेपर्यंत टिकतो. क्रॉस-लिंकिंगने उपाधी जात नाही, ती जिथल्या तिथे थांबते. वाढ थांबली, नकाशा स्थिर झाला, अहवालावर समाधानकारक शेरा पडला, तरी रात्री दिव्यांना शेपट्या फुटतातच, आणि उपचार फसला की काय अशी शंका रुग्णाला येते. ती दूर करायला त्याला आधीच सांगावे लागते की नकाशाचा प्रश्न वेगळा होता आणि चंद्राचा वेगळा. चंद्रासाठी कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागते. ती शंकूला सरळ करत नाही. तिच्या आणि पारपटलाच्या मधली खोलगट जागा अश्रूंनी भरते, आणि प्रकाशाला वाकड्या पृष्ठभागाऐवजी लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग भेटतो. लेन्स डोळ्यात असेपर्यंत चंद्र बहुतांशी एक असतो. झोपण्यापूर्वी ती काढून डबीत ठेवली की खिडकीबाहेर पुन्हा दोन-तीन.